आठ ते सोळा

६ जाने., सोम.

सन्मती सकाळच्या पाळीला गेला. साखर कारखान्याचा सीझन जोरात आहे. खिडक्या लावल्या तरी मळीचा वास घरात येतोच. सन्मतीशी लग्न करून बावड्यात राहायचं तर नाकाला सांगून ठेवावं लागतं.

ऑफिसात साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन. बाईचा आवाज, शेजारच्या टेबलापर्यंत जाईल असा.

"तुमीच का वो त्या नंबरवाल्या मॅडम?"

कुठला नंबर, मी विचारलं.

"कानाच्या आपरेशनाचा. आमच्या तनूचा नंबर आज सोळा दावतोय. गेल्या सोमवारी नऊ हुता. त्याच्या आदी चौदा. यादी काय उठाबशा काढाय लागलीय व्हय?"

मग लक्षात आलं. ट्रस्टच्या दवाखान्याचं काम. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन तिथं फुकट होतं. त्याची प्रतीक्षायादी ऑक्टोबरात मीच बनवून दिली. पालकांनी मोबाइलवर नोंदणी क्रमांक टाकला की रांगेत कितवे ते दिसतं.

म्हटलं, तुमच्या पुढं कोणीतरी आलं असेल.

"कोन आलं त्ये सांगा की. मी बसलोय हितं."

अशी माहिती देता येत नाही म्हणाले आणि फोन ठेवला. बाईचं नाव सुरेखा. शाहूवाडी तालुक्यातली, मलकापूरच्या पुढं कुठल्या तरी वाडीतली. मुलगी तनुजा, चार वर्षांची. माझा नंबर तिला दवाखान्यातल्या कांबळे सिस्टरांनी दिला.

उगाच तोडून बोलले. कामं तुंबलेली असतात, हे काही कारण नव्हे.

७ जाने., मंगळ.

यादी तपासली. ऑक्टोबरपासून मधे एकही नाव घुसलेलं नाही. नोंदणीच्या तारखेप्रमाणे लावलेली यादी, जुनी वर, नवी खाली, आणि प्रत्येक ओळीला एक दोन तीन असे नंबर. साधं काम. क्वेरी, म्हणजे यादी काढायची संगणकाची आज्ञा, दोनदा चालवून बघितली. दोन्ही वेळा तनुजा सोळा.

सिस्टरांना मेसेज: "यादी बरोबर आहे. बाईंचा बघण्यात घोळ झाला असेल."

त्यांचं उत्तर: "ती घोळ करणारी न्हाई. पण बरं."

१० जाने., शुक्र.

दुपारी सुरेखाचा व्हॉट्सॲपवर फोटो. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं, शेजारी शेजारी मांडलेली. नोव्हेंबरपासून प्रत्येक सोमवारच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा. अकरा. चौदा. आठ. बारा. पंधरा. दहा. तेरा. चौदा. नऊ. सोळा. आठाभोवती तिनं गोल केलाय. तो सोमवार त्यांच्या घरात कसा गेला असेल, माझ्या डोळ्यापुढं आलं.

फोटोखाली बोलून पाठवलेला निरोप: "मॅडम, मला सातवीपतुर आकडं येत्यात. माझा घोळ न्हाय."

जेवायचा डबा उघडाच ठेवून फोटो बघत बसले. सगळ्यात लहान आकडा आठ. सगळ्यात मोठा सोळा. सात कधीच नाही, सतरा कधीच नाही. आठ ते सोळा म्हणजे नऊ.

यादी उघडली. आठव्या ओळीपासून सोळाव्या ओळीपर्यंत नऊ मुलं आणि नवांचीही तारीख एकच. शाहूवाडीत तपासणी शिबिर झालं त्या दिवसाची.

परत वरून मोजली. नऊच.

मी संगणकाला सांगितलं होतं, तारखेप्रमाणे लाव. तारखा सारख्या असल्या तर कोण आधी, ते सांगितलंच नव्हतं. मग त्यानं जे नाव आधी हाताला लागेल त्याला आधीचा नंबर दिला. सिस्टर नोंदी बदलत असतात, कुणाचा फोन, कुणाची लस, आणि त्या नऊ जणांची आपसात अदलाबदल होत राहते. मंगळवारी दोनदा चालवून बघितलं तेव्हा दोन मिनिटांत काही बदललंच नव्हतं. तेच उत्तर आलं. मी "बरोबर" म्हणून मोकळी.

पंधरा वर्षं हे काम करतेय. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे ही.

डबा तसाच परत आणला. सन्मतीनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, आहे बरं.

११ जाने., शनि.

सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं. दोन गोष्टी कळल्या.

एक, ह्या यादीवरून अजून कुणालाही बोलावलेलं नाही. बरं वाटलं, खुर्चीत मागं टेकले.

दोन, फेब्रुवारीत यंत्रं येणार आहेत. दहा. एकतीस जानेवारीला यादी छापायची आणि पहिल्या दहा मुलांना बोलवायचं. पुढची यंत्रं कधी येतील, ट्रस्टलाच माहीत नाही.

म्हणजे नवांतल्या तिघांना मिळणार, सहा जणांना थांबावं लागणार. कोणते तीन, ते त्या दिवशी संगणकाच्या हाताला कोण लागेल त्यावर ठरलं असतं. माझ्यामुळे.

सिस्टर म्हणाल्या, "पाच वर्षांच्या आत यंत्र बसलं की पोरं लवकर बोलायला लागतात. म्हणून तर आयांचा जीव वर-खाली." चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ जाने., सोम.

मोहिते सरांना, म्हणजे आमच्या मालकांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता तोडगा काढला. "तारखेच्या पुढं एंट्रीचा नंबर लाव. प्रत्येकाचा वेगळा असतोय की. एका ओळीचं काम. मोकळी हो."

बरोबरच होतं. केलं. आता यादी हलायची थांबली. दहा वेळा चालवली, नोंदी मुद्दाम बदलून चालवली. प्रत्येक मूल आपल्या जागी ठाम.

तनू सोळा.

 स्थिर झालं तेही ह्या टोकाला.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

सिस्टरांकडे तिळगूळ घेऊन गेले, खरं म्हणजे विचारायला गेले. एंट्रीचे नंबर पडले कसे?

त्यांनी शिबिरातलं सांगितलं. बायका फॉर्म भरून देत गेल्या, टेबलावर एकावर एक गठ्ठा होत गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसून ते संगणकात भरले, गठ्ठ्याच्या वरून.

म्हणजे सगळ्यात शेवटी आलेला पहिला भरला गेला.

"आणि सगळ्यात पहिली कोण आली होती?"

"सुरेखाच की," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही शाळेचं कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेली. पोरगी मांडीवर. मी म्हटलं, एवढ्या लवकर? तर म्हणते, नंबर पयला लागावा म्हणून."

तिळगूळ तोंडातच राहिला.

१६ जाने., गुरु.

आज ऑफिसात माझ्या संगणकावर करून बघितलं. एंट्रीचा क्रम उलटा लावायचा, एक शब्द वाढवायचा. तनू आठवर. गोल केलेला आठ.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. मग तीच यादी खाली सरकवली. सोळावर आता कोण? एक मुलगा, एप्रिलमध्ये पाच वर्षांचा होतोय. शिबिरात त्याला आजोबांनी आणलेलं. सगळ्यात शेवटी आले.

सन्मतीला जेवताना सांगितलं. तो कारखान्यात लॅबला आहे, माझ्या कामातलं त्याला कळत नाही. म्हणून त्याला सांगायला बरं पडतं. तो म्हणाला, "आमच्या गेटवर उसाच्या गाड्या अशाच येतात. आधी आला त्याला आधी नंबर. पण लांबचा बैलगाडीवाला आणि जवळचा ट्रॅक्टरवाला, दोघांना एकच नियम. न्याय आहे का तो, माहीत नाही. निदान भांडणं होत नाहीत."

म्हटलं, सगळ्यांना एकच नंबर द्यायचीही सोय असते. नवांना आठ, त्याच्या पुढचा एकदम सतरा.

"खरंय की मग. एकाच दिवशी आले, एकच नंबर."

"यंत्रं तीनच उरतात. नऊ आठांतनं तीन आठ कसे बोलवायचे?"

त्यानं भाकरीची दुरडी ओढली. मग माझ्या ताटात भाकरी वाढली, मला नको असताना.

१८ जाने., शनि.

कुरुंदवाडला अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिच्या गुडघ्याचं औषध पोचवायचं होतं. तिनं मेथी निवडायला बसवलं. हात चालू असताना तोंड आपोआप सुटतं, सगळं सांगितलं.

"मुद्दाम केलंस काय?"

"नाही गं."

"मग?"

"लक्ष दिलं नाही."

"त्याला आपल्या जैनांत प्रमाद म्हणतात," अक्का म्हणाली. दुसरं काही नाही. समजावलं नाही, रागावलीही नाही. निघताना पिशवीत मेथी, वांगी, भुईमुगाच्या शेंगा. नेहमीपेक्षा जास्त.

एसटीत ठरवलं. नवांतला क्रम मी ठरवायचा नाही. आठ नाही, सोळा नाही. ज्यांना मुलं बघता येतात त्यांनी ठरवायचा.

२० जाने., सोम.

दवाखान्यात कानाच्या डॉक्टरबाईंना भेटले, सिस्टर बरोबर होत्या. कॅलेंडरचा फोटो दाखवला, नऊ नावं दाखवली, माझी चूक सांगितली. यादी ऑक्टोबरपासून चुकीची होती, हे वाक्य मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. "नवांतल्या आठ घरांतून एक शब्द आला नाही. त्यांचेही नंबर हलतच असणार. हिनं एकटीनं लिहून ठेवलं."

मग येण्याच्या क्रमाचं बोलणं निघालं. सिस्टर म्हणाल्या, "सुरेखा आदल्या दिवशी मावशीकडं मुक्कामाला आलती, म्हणून पहाटे पायरीवर. बाकीच्यांना पहिली एसटीच नवाची. ती उशिरा आली. त्यात त्यांचं काय चुकलं?"

हे मला माहीत नव्हतं. मी सरळ उलटा क्रम लावून मोकळी झाले असते, तर पुण्य केल्यासारखं वाटलं असतं मला.

डॉक्टरबाईंनी ठरवलं: तारीख सारखी असेल तर वयानं मोठं मूल आधी. ज्याच्याकडं वेळ कमी उरलाय ते पुढं. "कुणालाही समजावून सांगता येईल असं हे एकच कारण आहे माझ्याजवळ."

तिथंच लॅपटॉप काढून लावलं. तारीख, मग जन्मतारीख. आठ, नऊ, दहा, अकरा. तनू अकरा.

एक नंबर. दहावी मुलगी तिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी.

मी लॅपटॉप मिटला. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

२१ जाने., मंगळ.

मोहिते सर चिडले. "ठीक केलंस ना? मग नवांना कळवायचं कशाला? कुणाला कळलंय? उद्या ट्रस्टनं काम काढून घेतलं तर?"

म्हटलं, एका बाईला कळलंय. पेन्सिलीनं कळलंय.

"तुझं बघ बाई." पण अडवलं नाही. ट्रस्टला पत्र पाठवलं, खाली माझी सही. सिस्टर आठ घरांना फोन करणार. सुरेखाला फोनवर सांगायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं. सोमवारच्या आत तिच्याकडं जायला हवं. तिनं आधी मोबाइलवर बघितलं तर...

२६ जाने., रवि.

सिस्टर सकाळी झेंड्याला जाऊन आल्या. मग सन्मतीनं गाडी काढली आणि आम्ही तिघं निघालो. जिलेबी घेतली. आज कोल्हापुरात जिलेबीशिवाय कोण कुणाच्या दारात जातं. रस्त्यात मांडव घालून कढया लागलेल्या.

मलकापूरच्या पुढं रस्ता चढाचा. भाताची कापलेली खाचरं, मधे मधे गवताच्या गंज्या. वाडी दहा-बारा घरांची. सुरेखा अंगणातच उभी. माझ्या मनात थोराड बाई होती. ही सत्तावीस-अठ्ठावीसची, किरकोळ, आवाज तेवढा फोनवरचा.

"या पावणं," सन्मतीला म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "ह्याच का नंबरवाल्या?"

नवरा कामाला गेलेला, पवनचक्क्यांकडं वॉचमन आहे. घरात ती आणि तनू.

तनू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टक लावून बघत होती माझ्या तोंडाकडं. मी बोलायला लागले तशी पुढं आली आणि तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. गार, मातीचा हात. मी थांबले तर तिनं बोटानं टोचलं. बोल.

"तिला लागतंय हाताला," सुरेखा म्हणाली. "मी जात्यावर... न्हाई, मिक्सर लावला तरी येऊन हात ठेवती. कायतरी हाय हितं, येवढं कळतंय तिला."

तो हात गळ्यावर असतानाच मी सांगितलं. चूक माझी. नंबर हलत होते ते माझ्यामुळं. तुम्ही बरोबर होता आणि मी तुम्हाला चुकीचं ठरवलं. आता वयाप्रमाणे लावलंय. तनूचा नंबर अकरा. यंत्रं दहा.

सुरेखानं पदर खोचला, परत काढला. मग आवाज चढला.

"म्हंजी मी पाटंचं जाऊन पायरीवर बसलो त्येचं काय?"

सिस्टर म्हणाल्या, "बाकीच्यांना गाडी नव्हती बाई."

"मला तरी कुटं हुती? आदल्या दिशी चालत गेलतो मलकापुरापतुर मावशीकडं, हिला पाठीवर घिऊन. त्ये तुमच्या कागदात कुटं लिवलंय?"

 लिहिलेलं नाही, मी म्हटलं. कागदात तेवढीच जागा होती.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज. सन्मती अंगणात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता "जावा" म्हणेल. मधल्या काळात तनूनं जिलेबीची पुडी उघडली, एक मला दिली, एक सिस्टरना, एक स्वतःला, आणि परत माझ्या गळ्यावर चिकट हात.

सुरेखा चहा घेऊन आली. खाली बसली. 

"धा नंबरचं प्वार केवढं हाय?"

"चार महिन्यांनी मोठी मुलगी."

"पोरगीच हाय व्हय." कपातला चहा बशीत ओतला. "आन हा अकरा. ह्यो हालनार न्हाई न्हवं आता?"

"नाही. पुढची सरकली तरच हलेल, आणि हलला तर वरच जाईल. खाली कधी नाही."

"मग बरं." बशी तोंडाला लावली. "सोळाचं वाईट वाटत न्हवतं तेवढं. हालत हुता, त्येची भ्या वाटायची. रविवारी झोप न्हाई यायची मला. सोमवारी काय बगाय लागंल म्हणून."

 परत येताना बांबवड्याला सन्मतीनं विचारलं, "चहा घ्यायचा?" आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. गळा धुवावासा वाटत नव्हता. अजून चिकट आहे.

३१ जाने., शुक्र.

चार वाजता यादी छापली. पहिली दहा. कागद प्रिंटरमधून येताना बघत उभी राहिले, जणू मधेच बदलेल. सिस्टरांच्या हातात दिला.

ट्रस्टनं काम काढून घेतलेलं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, फॉर्मवर यापुढं वेळही लिहायची आणि मूल कुठून आलं तेही. मोहिते सर म्हणाले, "ह्याचं वेगळं बिल लावता आलं असतं." मग माझ्याकडं बघून, "राहू दे."

३ फेब्रु., सोम.

सुरेखाचा फोटो. कॅलेंडरचं नवं पान. अकरा.

निरोप नाही, नुसता फोटो. मी उत्तरात "हो" एवढंच लिहिलं.

७ फेब्रु., शुक्र.

यंत्रं आली. सोमवारपासून रोज दोन मुलं, पाच दिवस, पुण्याहून सर्जन येणार. सिस्टरांनी सुरेखालाही बोलावलंय. कुणाला सर्दी-ताप निघाला तर मुलाला थांबवतात, पुढच्याला घेतात. म्हणून अकरा नंबरनं गुरुवारी येऊन थांबायचं. थांबलेलं मूल पुढच्या वेळी सगळ्यांत पहिलं. तसं यादीत आता लिहिलंय, मी स्वतः दोनदा बघितलं.

सुरेखाचा फोन: "इवू का नको? आशा लावून परत आणायची म्हंजी..." मग स्वतःच, "येतो. घरात बसून तरी काय हुतंय."

११ फेब्रु., मंगळ.

चार झाली. चारही बरी. सिस्टर म्हणतात, यंत्र महिन्यानं चालू करतात, तोवर मुलाला काहीच ऐकू येत नाही. आया मात्र आजपासूनच कानाशी बोलायला लागतात.

सन्मतीला ताप. कारखान्यात साथ आहे. काढा केला, त्यानं तोंड वाकडं करत प्याला.

१३ फेब्रु., गुरु.

ऑफिस सुटल्यावर दवाखान्यात गेले. आठ झाली. उद्या नऊ आणि दहा, मग संपलं.

नऊ नंबर म्हणजे सोहम, तोच एप्रिलमध्ये पाच वर्षांचा होणारा. बरोबर आजोबाच. आई-वडील वीटभट्टीवर बाहेरगावी आहेत. दुपारपासून पोराचं अंग गरम. भूलवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, उद्या सकाळी बघू. नव्व्याण्णवच्या वर असला तर घेणार नाही.

त्याच्या शेजारच्या कॉटवर तनू आणि सुरेखा. शिबिरातली ओळख निघाली. आजोबा सुरेखाला सांगत होते, "आमी नवाच्या गाडीनं आलतो बघ पोरी, तवा तू फॉर्म दिऊन चाललीवतीस." सुरेखा म्हणाली, "व्हय."

तिला माहीत आहे. सिस्टरांनी सांगितलं नाही, तिला हिशेब येतो. सोहम थांबला तर तनू दहा.

मला जिन्यापर्यंत सोडायला आली.   उतरताना मागं वळून बघितलं तर कठड्याला धरून उभी होती.

घरी येऊन देवापुढं दिवा लावला. काय मागायचं ते कळेना. काहीच मागितलं नाही, नुसती उभी राहिले.

१४ फेब्रु., शुक्र.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. मोहिते सरांना उशिरा येते म्हणून कळवलं.

साडेसातला आले. तनूला काही खायला-प्यायला दिलेलं नाही, तयार ठेवलंय. केस काढलेत कानामागचे. ती हात लावून लावून बघते आणि मला दाखवते.

सोहमच्या कॉटवर सुरेखा बसलेली. आजोबा खाली चहाला गेलेले. तिच्यासमोर पाण्याचं भांडं. पोराच्या कपाळावर ओला कपडा. एक वाळला की दुसरा पिळून ठेवत होती. सवयीनं, भराभर. मधेच कपड्याचं टोक त्याच्या ओठांना लावायची. त्यालाही पाणी बंद आहे.

मी शेजारी उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही.

"रातीपास्नं चाललंय," म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, अगदी लहान. "ताप उतरू दे म्हणू का नको म्हणू, मला कळंना झालंय अक्का."

पहिल्यांदाच अक्का म्हणाली.

"म्हणायचं राहू दे," मी म्हटलं.

"व्हय." कपडा उलटा केला. "पर कपडा तर बदलाय पायजे की. म्हाताऱ्याचं हात थरथरत्यात."

दुसरं भांडं नळावर धरून ताजं पाणी आणलं. तिनं बोट घालून बघितलं, लई गार नको म्हणाली. थोडं कोमट मिसळून परत आणलं. तनू तिच्या पाठीला टेकून उभी, एक हात आईच्या गळ्यावर.

आता नऊला पाच कमी. डॉक्टर वर आलेत. सिस्टर थर्मामीटर घेऊन आत गेल्या.